गावची जुनी मराठी शाळा: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी प्राथमिक शाळांनी शंभरी गाठली आहे, काहींनी दीडशे वर्षं ओलांडली आहेत. मी अशाच एका जांभ्याच्या शाळेत शिकलो, पुढे प्राथमिक शिक्षक झालो, आणि निवृत्तीनंतर जुनी रजिस्टरं वाचायचा नाद लागला. त्यामुळे गणपतीत किंवा मे महिन्यात गावी आलेली मंडळी हटकून काही प्रश्न विचारतात. शतकमहोत्सवाची तयारी करणारे विचारतात, दाखल्यासाठी हेलपाटे घालणारे विचारतात, आणि नुसत्या कुतूहलापोटी विचारणारेही असतात. ती उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

शाळेच्या फलकावर एक साल आहे, रजिस्टरात दुसरंच. स्थापना कोणती धरायची?

बहुतेक वेळा दोन्ही सालं खरी असतात, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची असतात. कोकणातली शाळा एका दिवसात सुरू झाली असं सहसा घडलेलं नाही. आधी कुणाच्या तरी पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात मुलं बसायला लागतात. मग सरकारी मंजुरी येते, मास्तर नेमला जातो. त्यानंतर कधीतरी स्वतःची इमारत होते, आणि आणखी काही वर्षांनी वरच्या इयत्ता सुरू होऊन ती पूर्ण प्राथमिक शाळा बनते. फलक रंगवणाऱ्याने यातलं कुठलं साल घेतलं ते त्यालाच ठाऊक.

रजिस्टरावर तर डोळे झाकून विसंबू नका. एक साधी खूण सांगतो. सर्वांत जुन्या रजिस्टराचं पहिलं पान उघडा आणि 'दाखल केल्याची तारीख' व 'इयत्ता' हे रकाने शेजारी शेजारी वाचा. एकाच तारखेला पहिलीत दहा, दुसरीत सात, तिसरीत चार अशी मुलं दाखल झालेली दिसली, तर शाळा त्या दिवशी जन्मलेली नाही. ती आधीपासून चालू होती, त्या दिवशी फक्त नवीन रजिस्टर उघडलं गेलं. जुनं वाळवीने खाल्लं असेल, भिजलं असेल किंवा भरलं असेल. पहिल्या दिवशी सगळीच मुलं बिगरीत (पहिलीच्या आधीच्या वर्गात) किंवा पहिलीत असतील तर मात्र ते साल स्थापनेचं मानायला हरकत नाही.

याखेरीज शेरेबुक पाहा. तपासणीला आलेल्या साहेबांचा पहिला शेरा कोणत्या सालचा आहे ते कळतं. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं जुनं गॅझेटियर १८८० सालचं आहे, कुलाबा आणि जंजिऱ्याचं १८८३ चं. मोठ्या गावांच्या वर्णनात शाळेचा उल्लेख बहुधा सापडतो. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल मुंबईच्या पुरालेखागारात पाहता येतात. आणि छपराकडेही एक नजर टाका. मंगलोरी कौलांचे कारखाने बासेल मिशनने १८६५ पासून सुरू केले. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. त्याआधीची छपरं नळ्यांची नाहीतर गवताची होती.

१८५५ च्या आधी कोकणात शाळाच नव्हत्या का?

होत्या, पण आज आपण ज्याला शाळा म्हणतो तशा नव्हत्या. पंतोजी मुलं गोळा करून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी असे पाढे घोकून घेत आणि मोडी वाचायला शिकवत. मोबदला मुलांच्या आईबापांकडून, बराचसा धान्याच्या रूपात. फळा, छापील पुस्तक किंवा इयत्ता यांतलं काही नव्हतं. आणि मुख्य म्हणजे तिथे कोण बसणार हे जातीवर ठरत असे.

नव्या पद्धतीच्या शाळा कोकण किनाऱ्यावर आल्या त्या बंदरांतून. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली बाणकोट आणि हर्णै इथे काम सुरू केलं आणि आसपास शाळा उघडल्या. ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ साली भारतात आले आणि मराठीचे पहिले धडे त्यांनी हर्णैला गिरवले. त्याच दशकात मुंबईतली नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी मराठी पुस्तकं छापत होती आणि शिक्षक तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवत होती. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर याच सोसायटीच्या कामातून पुढे आले. १८३२ साली त्यांनी सुरू केलेलं 'दर्पण' सगळ्यांना माहीत असतं. मराठी शाळांची तपासणी करत आणि शिक्षकांना घडवत ते गावोगाव फिरले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. ते गेले १८४६ साली, पस्तिशीच्या आतच.

१८५४ मध्ये वुडचा खलिता, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण सांगणारं विलायतेतलं सरकारी पत्र, आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं सुरू झालं. सरकारी मराठी शाळांचं जाळं पसरलं ते तिथून पुढे.

म्हणजे आमची शाळा इंग्रजांनी बांधली?

हा प्रश्न आला की मला थोडं थांबावंसं वाटतं. खातं इंग्रज सरकारचं होतं हे खरं. पण पैसा कुठून आला ते पाहा. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसला आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे भात आणि नाचणी पिकवून सारा भरणाऱ्याने शाळेचा खर्च उचलला. आणि त्या खर्चात ज्यांचा घाम होता त्यांतल्या पुष्कळांची मुलं पुढची कित्येक वर्षं त्या शाळेच्या आत बसू शकली नाहीत.

इमारतीचंही तसंच. जागा कुणी दिली, चिरे गावच्याच खाणीतून निघाले, वासे कुणाच्या रानातले, गडगा घालायला आणि जमीन चोपायला वाडीवाडीतून माणसं आली, अशा आठवणी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. त्या आठवणी लिहून घ्या. सरकारी दफ्तरात त्या सापडणार नाहीत.

लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, जिल्हा परिषद... जुन्या दाखल्यांवर वेगवेगळी नावं का?

शाळा तीच, मालक बदलत गेले. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं आली. १९४७ मध्ये नवा कायदा झाला. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासून 'जि. प. शाळा'. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, त्यामुळे मालवण, वेंगुर्ले, कणकवली इकडच्या जुन्या दाखल्यांवर 'जिल्हा रत्नागिरी' असेल तर ती चूक नव्हे. रायगडचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं.

'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं नाव असेल तर ती खूण मूलोद्योगी शिक्षणाची. गांधीजींच्या नयी तालीमच्या विचाराने सूतकताई, शेती, बागकाम हे शिकवण्याचा भाग झाले, तेव्हाची ती नावं.

१९२३ च्या कायद्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो झाला तेव्हा मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा. गावाकडच्या मराठी शाळेतून शिकत तो केंब्रिजला गेला आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला. पावसात चिखल तुडवत शाळेत जाणं म्हणजे काय हे अनुभवाने जाणणारा माणूस त्या खुर्चीत होता.

शाळा सार्वजनिक होती, तर सगळ्यांना प्रवेश होता ना?

कागदावर होता, प्रत्यक्षात नव्हता. हा प्रश्न स्मरणिकांमधून बहुधा गाळला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, हे धोरण १८५८ मध्येच ठरलं होतं. पण गावाने नको म्हटलं की धोरण कपाटात राहायचं. कोकणात या अन्यायाविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला तो दापोलीत. तिथली लष्करी छावणी उठल्यावरही पेन्शनर मंडळी काप (म्हणजे कॅम्प) दापोलीत राहिली होती, त्यांत महार सैनिकांची बरीच कुटुंबं होती. पलटणीतल्या शाळांमुळे या लोकांना अक्षरओळख होती, जगाचा अनुभव होता. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यातलेच. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीत राहिले आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापून लिहू-बोलू लागले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दापोलीतल्या या पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून अर्जविनंत्या केल्या. बऱ्याच लढ्यानंतर मुलांना जागा मिळाली, पण ती शाळेच्या व्हरांड्यात.

व्हरांडा हा शब्द नीट वाचा. कोकणातल्या शाळेची पडवी म्हणजे पागोळ्यांची जागा. आषाढात वारा फिरला की तिथे पाऊस आडवा येतो. पाटी भिजते, पुसली जाते. आतला फळा दाराच्या चौकटीतून जेवढा दिसेल तेवढाच. ही बसण्याची व्यवस्था एखाद्या वर्षापुरती नव्हती, कितीतरी शाळांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालली.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांच्याबरोबर त्यात सार्वजनिक शाळाही होत्या. महाडचा १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह या ठरावातून उभा राहिला हे आपल्याला माहीत असतं, पण त्याच ठरावात शाळा होती हे विसरायला होतं. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात विनायक दामोदर सावरकर यांनी शाळांमधून सर्व मुलांना सरमिसळ बसवावं यासाठी मोहीम चालवली. त्या वेळी विरोधही झाला, काही ठिकाणी पालकांनी मुलं काढून नेली.

तुमच्या गावात नेमकं काय होतं हे कसं कळेल? रजिस्टरातून. कोणत्या समाजाचं पहिलं मूल कोणत्या साली दाखल झालं ते पाहा, आणि ते किती महिने टिकलं तेही पाहा. दाखल तारीख आणि 'नाव कमी केल्याची तारीख' यांच्यातलं अंतर पुष्कळ काही सांगतं. मग त्या वाडीत जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. मी बसलो आहे. 'आम्ही भायेर बसायचो' हे वाक्य ऐकल्यावर पुढचं काही सुचत नाही, पण ते लिहून घ्यायलाच हवं.

एका रजिस्टरातल्या नोंदीला एवढं महत्त्व कशासाठी?

सातारचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावाशी नातं सांगणारं कुटुंब, वडील निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिलेलं. त्या एका ओळीच्या आधारे महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वेळच्या कारकुनाला किंवा मास्तरांना काय कल्पना असणार? त्यांनी फक्त रकाना नीट भरला आणि पुढच्या माणसांनी ते पुस्तक जपलं.

मुलींचं काय?

सुरुवातीच्या पानांवर मुली दिसणार नाहीत, किंवा दोन-चार दिसतील. मोठ्या गावांत मुलींच्या शाळा वेगळ्या निघाल्या. रजिस्टरावर 'मुलींची शाळा' किंवा 'कन्याशाळा' असं लिहिलेलं असतं आणि त्यांतल्या बऱ्याच नंतर मुलांच्या शाळेत विलीन झाल्या. म्हणून आजीची नोंद सापडली नाही तर त्या विलीन झालेल्या शाळेचं रजिस्टर मागा. ते बहुधा त्याच कपाटात, पण वेगळ्या गठ्ठ्यात असतं. किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्तीच्या गावांत उर्दू शाळाही तितक्याच जुन्या असू शकतात. त्यांची दफ्तरं वेगळी आणि कुणी फारशी न उघडलेली.

आजोबा 'फायनल' झाले होते म्हणतात. ही कसली परीक्षा?

व्हर्नाक्युलर फायनल. मराठी शाळेची शेवटची परीक्षा. ती पास झालं की प्राथमिक शिक्षक, तलाठी, पोस्ट, कारकुनी असे दरवाजे उघडत. गावात 'फायनल झालेला' माणूस म्हणजे पत्रं वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा, चार लोकांत खुर्ची मिळणारा. नंतर तिची जागा सातवीच्या प्राथमिक शाळा प्रमाणपत्र परीक्षेने घेतली. इंग्रजी शिकायचं असेल तर मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीत जायचं, म्हणजे आजची पाचवी, आणि तिथून सात इयत्ता करून मॅट्रिक. म्हणून 'आजोबा इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले' असं ऐकलं तर ते सातवीपर्यंत शिकले असं समजा.

फायनलच्या आधीच्या पिढीत सरकारी नोकरीसाठी अशीच एक सहावीची परीक्षा होती. धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट त्याच परीक्षेची. मुरुडचा हा मुलगा मित्रांबरोबर भर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून पायी सातारला गेला, अंतर शंभर मैलांहून जास्त. वयाची अट सतरा वर्षांची होती. ती पुरी झालेली होती, पण देहयष्टी लहानखुरी. समितीने पाहिलं आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. तसाच परत मुरुडला. पुढच्या वेळी त्यांनी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली. हाच माणूस पुढे स्त्रियांचं विद्यापीठ काढतो, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन करतो. सातारच्या वाटेवरचा पाऊस त्यांच्या अंगातून कधी गेला नसावा, असं मला नेहमी वाटतं.

आमच्या शाळेतून कोणी मोठं माणूस शिकलं असेल तर कसं शोधायचं?

शोधा, पण खात्री केल्याशिवाय फलकावर लिहू नका. पुष्कळ गावं 'अमुक आमच्याकडेच शिकले' असं सांगतात आणि रजिस्टरात नाव नसतं. पक्क्या गोष्टी कमी नाहीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले मालवणात, शिकले रत्नागिरीत, आणि पुढे त्याच रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होऊन आले. पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले आणि रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात त्यांनी शिकवलंही. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्याच मिशन शाळेचे विद्यार्थी. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक रत्नागिरीत मराठी शाळेतले शिक्षक होते.

मला मात्र वाटतं की शाळेचा इतिहास अशा चार नावांवर थांबवणं म्हणजे उरलेल्या दोन-चार हजार मुलांना पुसून टाकणं.

आजोबा, काका, आत्या, सगळ्यांचीच जन्मतारीख १ जून कशी?

कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आईबाप सांगायचे, 'मोठ्या वादळाच्या साली झाला', 'शिमग्याच्या आधी झाली'. मास्तर मुलाकडे पाहून वय ठरवायचे आणि तारखेच्या रकान्यात १ जून टाकायचे. शिपाई, शिक्षक, पोलीस, या पिढीतली अर्धी माणसं त्यामुळे एकाच दिवशी निवृत्त झाली. खरी तारीख हवी असेल तर तहसील कार्यालयातलं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहा. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. मात्र तिथे बहुधा मुलाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढंच.

जुन्या दाखल्याची नक्कल कशी मिळवायची? शाळा बंद पडली असेल तर?

मुख्याध्यापकांकडे साध्या कागदावर अर्ज करा. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वाडी आणि अंदाजे साल द्या. आडनावावर अडून बसू नका. जुन्या पानांत आडनावाऐवजी नुसती जात किंवा गावाचं नाव लिहिलेलं असतं, आणि एकाच भावकीतल्या दोघांची आडनावं वेगळी लागलेली असतात. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर दफ्तर केंद्रशाळेत नाहीतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलेलं असतं. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत.

जातपडताळणीसाठी विचारणारे सर्वांत जास्त. त्यांनी तारखा ध्यानात ठेवाव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या आधीचा पुरावा लागतो. घराण्यातल्या ज्या कुणाची नोंद सर्वांत जुनी, ती शोधा. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा धूळ खात पडलेली शाळांची दफ्तरं एकदम टेबलावर आली.

आणि एक विनंती. मुख्याध्यापक किंवा बाई वर्गावर असतात, बऱ्याच शाळांत शिक्षक दोनच. सकाळी शाळा सुरू होण्याआधी किंवा फोन करून जा. 'आत्ताच काढून द्या, मुंबईची गाडी आहे' असं म्हणू नका.

पानं मोडीत आहेत. वाचता येत नाहीत.

सगळी मोडीत नसतात. देवनागरी, म्हणजे बाळबोध, आणि मोडी एकाच रजिस्टरात आलटून पालटून येतात, मास्तर बदलले की लिपी बदलते. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी शिकवणं बंद झालं, त्यामुळे आता वाचणारे कमी. पण मोडीचे वर्ग पुन्हा चालू झाले आहेत आणि रजिस्टराची मोडी ही शिकायला सोपी मोडी आहे, कारण रकाने ठरलेले आणि शब्द तेच तेच. गावातल्या दोन मुलांनी सुट्टीत शिकायचं ठरवलं तर महिनाभरात नावं लागायला लागतात.

'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात काय काय सापडतं?

माझा सर्वांत आवडता रकाना. 'मुंबईस गेला' हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की कोकणाचा सगळा इतिहास त्यात मावतो. गिरण्या, गोदी, खानावळी, घरगडी. अकरा-बारा वर्षांचं पोर एस्‌टीच्या आधीच्या काळात बोटीने गेलेलं. 'सतत गैरहजर सबब नाव कमी' हे शेतीच्या दिवसांत जास्त. 'घरकामास', 'गुरे राखण्यास', मुलींच्या नावापुढे 'लग्न'. आणि अधूनमधून 'मयत'. साथीच्या वर्षांत हा शब्द एकाखाली एक येतो. तिथे पान उलटायला हात जड होतो.

वादळात, पुरात रजिस्टरं भिजली. काय करायचं?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात शाळांची छपरं उडवली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या दिवसांत मी जे पाहिलं त्यावरून सांगतो: ओलं रजिस्टर उन्हात वाळत घालू नका, पानं आकसतात आणि शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, उभं ठेवा. थोड्या थोड्या पानांच्या मध्ये टिपकागद किंवा कोरा शोषणारा कागद घाला आणि बदलत राहा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही.

आणि वादळाची वाट न बघता आजच फोटो काढा. खिडकीजवळच्या उजेडात, प्रत्येक पानाचा, क्रमाने. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेर. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल-नोंदींचं हे पुस्तक, कायमस्वरूपी जपायचं दफ्तर आहे, ते रद्दीत घालण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जांभ्याची जुनी इमारत पाडून स्लॅबची बांधायची आहे. विरोध करावा का?

आधी बघा की खरंच धोका आहे का. जांभ्याच्या भिंती सहसा दगा देत नाहीत, कुजतात ते वासे आणि रिपा. छप्पर बदलून, दरजा भरून इमारत आणखी कित्येक वर्षं उभी राहू शकते, आणि उन्हाळ्यात ती स्लॅबपेक्षा थंड असते. पण अभियंत्याने धोकादायक ठरवली असेल तर भावनेच्या भरात मुलांना तिथे बसवू नका. पाडण्याआधी मोजमापं घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कोरीव पाटी आणि घंटा काढून ठेवा. पडवी मात्र नव्या नकाशात राहू द्या. या वेळी सगळ्यांसाठी.

पट सात-आठवर आला आहे. शाळा बंद होईल का?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असा नियम आहे. पण वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३ पासून पुढे आला आहे. नकाशावर एक किलोमीटर दिसतो. कोकणात त्या एका किलोमीटरमध्ये एक पऱ्या (ओढा), एक घाटी (चढाची वाट) आणि जुलैतला पाऊस असतो. ग्रामसभेत ठराव करताना हे लिहा: वाट कुठून जाते, पऱ्याला पाणी कधी चढतं, साकव (छोटा पूल) आहे की नाही. आणि मुंबईतल्या मंडळांनी महोत्सवाच्या कमानीवर खर्च करण्याआधी शाळेत जाऊन विचारावं की काय कमी आहे.

शतकमहोत्सवाची स्मरणिका काढतो आहोत. त्यात काय घालावं?

मान्यवरांचे शुभेच्छासंदेश कमी करा. शिक्षकांची यादी सालवार द्या, पहिल्या मास्तरांपासून. शेरेबुकातले दोन-तीन शेरे जसेच्या तसे छापा. बाहेर बसलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच नावाने घ्या, त्यांची परवानगी असेल तर. जुन्या फोटोंमागे नावं लिहून घ्या, आत्ताच, कारण ओळखणारी माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत.

आणि समारंभात जेवणाआधी अर्धा तास काढा. रजिस्टरातली पहिली शंभर नावं कुणीतरी खणखणीत आवाजात वाचा, फक्त नाव, वडिलांचं नाव आणि वाडी, जातीचा रकाना सोडून. एका गावात आम्ही हे केलं. विसाव्या की एकविसाव्या नावाला मागच्या रांगेतून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, 'हजर. तो माझा आजा.' मग पुढच्या प्रत्येक नावाला कोणी ना कोणी उठत गेलं.